एक मिनिट बेचाळीस सेकंद

पिराजी इंगवले या माणसाविषयी शिवाजी पेठेत कुणीही लिहावं, मी लिहू नये. तरी मीच लिहायला बसलोय, कारण त्याच्याबद्दल लोक नऊ वर्षं जे बोलत आले ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं. मी गप्प बसलो आणि बाकीचे बोलत राहिले.

वयानं तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. समोर मी त्याला पिराजीभाऊच म्हणतो. पण मैदानावरच्या माणसाला आमच्याकडं एकेरीच बोलवायची रीत आहे, आणि त्यात माया असते, म्हणून इथं तसंच लिहितो.

पिराजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा. सकाळी सातला सायकलवरून निघायचा, संध्याकाळी काळा होऊन परत यायचा, आणि तोंड धुतलं न धुतलं की मैदानावर. चिंचेच्या तालमीचा गोलकीपर होता तो, चौदा वर्षं. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तालमीचा गणपती असतो, फुटबॉलचा संघ असतो आणि शेजारच्या तालमीशी वैर असतं. यातलं वैर सगळ्यात मन लावून सांभाळलं जातं.

पिराजी हातमोजे घालायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "कातडं मधी आलं की बॉल कळत न्हाय." फौंड्रीच्या कामानं त्याचे तळवे असे झाले होते की त्यांना आणखी कातड्याची गरजही नव्हती. मॅचच्या आधी तो डाव्या खांबाला हात लावून काहीतरी पुटपुटायचा. काय पुटपुटायचा, हे आम्ही पोरं असताना त्याला विचारलं होतं. "आज माझ्यासंगं ऱ्हा म्हणतो," एवढंच म्हणाला. मॅच टायब्रेकरला गेली की ती पिराजीची, हे त्याचे विरोधकही मानायचे. आमच्या गल्लीतली, म्हणजे वैऱ्याच्या गल्लीतली पोरंसुद्धा खेळताना "मी पिराजी, मी पिराजी" म्हणून भांडायची.

आता माझं. मी वीरेश मगदूम. शिवाजी पेठेत घराच्या खालच्या अंगाला माझं 'शांभवी इलेक्ट्रॉनिक्स' नावाचं दुकान आहे, नाव थोरल्या बहिणीचं. टीव्ही, टेपरेकॉर्डर, मिक्सर दुरुस्त करणं हा धंदा. आमची तालीम औदुंबर. मला फुटबॉलमधला बॉलसुद्धा नीट मारता येत नव्हता, त्यामुळं तालमीत माझी किंमत माइकच्या वायरी जोडणारा एवढीच. ती वाढावी असं मला फार वाटायचं. सगळं त्यातनंच झालं.

सत्त्याण्णव साली मी एका मासिकातली जाहिरात बघून पुण्याहून डेव्हलपमेंट बोर्ड मागवला. तळहाताएवढी हिरवी पाटी, मध्ये चाळीस पायांची चिप बसवायचा सॉकेट, एका कडेला कॉम्प्युटरला जोडायची नऊ पिनांची केबल, आणि सोबत झेरॉक्सचं पुस्तक, निम्मं काळं निघालेलं. आपण लिहिलेला प्रोग्राम चिपमध्ये भरायचा आणि मग ती चिप आपण सांगू तेच करत बसणार, हे वाचूनच मला झोप येईना. माझ्याकडं कॉम्प्युटर नव्हता. राजारामपुरीत एका मित्राची कॉम्प्युटर क्लासची जागा होती, तिथं दुपारी मोकळा असलेला कॉम्प्युटर मला मिळायचा. पहिला आठवडा काहीच चाललं नाही. केबलच उलटी जोडली होती. दुसऱ्या आठवड्यात एक बारका लाल दिवा एक सेकंद पेटायला आणि एक सेकंद विझायला लागला. मी बोर्ड घरी आणून आईला, आमच्या अव्वाला, दाखवला.

अव्वानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्येच्यासाठी पंधरा दिस गेलास व्हय? बटान दाबलं असतंस तर पेटला असता की."

पण मला त्या एका सेकंदाचं वेड लागलं. त्या बोर्डवर, चिपच्या शेजारी, पत्र्याची एक छोटी डबी असते, दोन पायांची. तिला क्रिस्टल म्हणतात. चिपची नाडी म्हणजे तो क्रिस्टल. तो ज्या वेगानं ठोके देतो त्या वेगानं चिप मोजते. बाराचा, म्हणजे बारा मेगाहर्ट्झचा, क्रिस्टल लावला की घड्याळाचा हिशेब अगदी सरळ बसतो. कॉम्प्युटरशी बोलायचं असेल तर मात्र अकरा पूर्णांक शून्य पाच ब्याण्णवचा लागतो. माझ्या बोर्डवर तो होता, म्हणून मी घड्याळासाठी वेगळा बोर्ड स्वतः डाग देऊन बनवला, त्यावर बाराचा क्रिस्टल बसवला आणि प्रोग्राम बाराच्या हिशेबानं लिहिला. रेडिओच्या बातम्यांशी लावून आठवडाभर ताडून पाहिला. एका सेकंदाचा फरक नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या पेठेतल्या सातजणांच्या स्पर्धेत फायनलला दंगा झाला. पंचानं शिट्टी मारली, तर निम्म्या लोकांच्या घड्याळात वेळ झाली होती आणि निम्म्यांच्या नव्हती. शिवाय पंच कुणाचा तरी मेव्हणा निघाला. खुर्च्या उडाल्या, कप कुणालाच मिळाला नाही. म्हणून पुढच्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, स्पर्धेचे म्होरके गणपतराव माझ्या दुकानात आले. पांढरी टोपी, मोठा आवाज, शब्दाला पक्का माणूस.

"वीरेश, तू ते घड्याळ केलंयस म्हणं. आवाज करतंय का?"

"ट्रकचा हॉर्न जोडला तर करंल की," मी म्हणालो.

गणपतरावांनी सगळ्या तालमींना बोलावून ठराव केला. हाफ वीस मिनिटांचा, आणि वेळ मशीनची. "पंचाच्या मनगटाला इचारायचं न्हाय. मशीन काय कुणाचा मेव्हणा न्हाय," असं ते म्हणाले आणि लोक हसले, पण सगळ्यांनी सह्या केल्या. चिंचेच्या तालमीकडनं सही पिराजीनं केली. मॅचच्या आधी पंचांनी आपापली घड्याळं काढून गणपतरावांच्या रुमालात ठेवायची, अशी पद्धतच पडली. गांधी मैदानाच्या कडेला टेबलावर माझा बोर्ड, वर बांबूला लाल आकड्यांची पाटी, आणि टेबलामागं मी. वेळ संपली की बोर्डवरचा रिले, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, टक् करायचा आणि हॉर्न बोंबलायचा. बघायला बायकासुद्धा येऊ लागल्या. मला लोक मशीनवाला म्हणायला लागले, आणि मला ते फार आवडायचं.

फायनलला आमची औदुंबर आणि त्यांची चिंचेची. रविवारचा दिवस. सकाळी मी बोर्ड स्कूटरवरनं मैदानावर नेत होतो आणि तो हातातनं निसटला. उचलून पाहिलं तर क्रिस्टलची डबी पायातनं मोडून लोंबकळत होती. दुकानं बंद. मग मी माझ्या डेव्हलपमेंट बोर्डवरचा क्रिस्टल काढला, तो अकराचा, आणि घड्याळाच्या बोर्डवर बसवला. आकडे चालू झाले. हॉर्न वाजला.

आता इथं मी खोटं बोलणार नाही. मला माहीत होतं की अकराच्या क्रिस्टलवर घड्याळ मागं पडणार. प्रोग्राममधला एक आकडा बदलून चिप परत भरायला हवी होती. त्यासाठी राजारामपुरीतला कॉम्प्युटर लागणार होता, क्लासला कुलूप होतं, आणि किल्ली मित्राकडं, कळंब्याला. कळंबा काही लांब नाही. स्कूटरवर पंधरा-वीस मिनिटं. माझ्या खिशात कॅल्क्युलेटर होता, तोही मी काढला नाही. बारा आणि अकरा, कितीसा फरक पडणार, पाच-दहा सेकंद, चालतंय की, असं मी मनाला सांगितलं आणि मिसळ खायला गेलो. नऊ वर्षं मी त्या मिसळीची चव विसरलेलो नाही.

पहिल्या हाफला कुणाचं घड्याळाकडं लक्ष नव्हतं. दुसऱ्या हाफला सगळ्यांचं होतं, कारण स्कोअर शून्य-शून्य होता आणि मॅच टायब्रेकरला चालली होती. टायब्रेकर म्हणजे पिराजी. आमच्या तालमीच्या लोकांची तोंडं उतरली होती. पाटीवर अठरा मिनिटं चाळीस सेकंद झाले असताना आमच्या बाळासोनं अगदी जवळनं बॉल मारला. पिराजी उजवीकडं निघाला होता. तो हवेतल्या हवेत वळला आणि डाव्या हाताच्या बोटांनी बॉल खांबावर ढकलला. खांबाचा आवाज अख्ख्या मैदानानं ऐकला. वैरी असून आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात चिंचेच्या बाजूनं लोक ओरडायला लागले, "टाइम झाला! टाइम झाला!" असं कुणी ना कुणी कायमच ओरडतं. पण त्या वेळी बरेच जण मनगटं वर करून ओरडत होते. बॉल परत आत आला, हळू, जमिनीवरनं घरंगळत, शाळेतल्या पोरानं अडवावा असा. पिराजी खाली वाकला आणि वाकता वाकता त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. पाटीकडं नव्हे, माझ्याकडं. वेळ झाली का, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. मी पाटीकडं बोट केलं. एकोणीस मिनिटं दहा सेकंद. आणि बॉल त्याच्या दोन पायांतनं गोलमध्ये गेला.

पुढं हॉर्न वाजला. चिंचेवाल्यांनी घड्याळं दाखवली, तेव्हा गणपतराव म्हणाले, "मागल्या वर्सीबी दाखवली हुती. सही कुणाची हाय?" सही पिराजीची होती. तो पुढं झाला आणि म्हणाला, "मशीनचं खरं. चूक माझी हाय." आणि मैदानाबाहेर गेला. आमच्या लोकांनी बाळासोला खांद्यावर घेतलं, मग मला घेतलं. मी हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात घड्याळ रेडिओशी लावून बसलो. तासाला जवळजवळ पाच मिनिटं मागं. तेव्हा कॅल्क्युलेटर काढला. वीस मिनिटांचा हाफ एकवीस मिनिटं बेचाळीस सेकंदांचा झाला होता. गोल झाला तेव्हा खरी वेळ संपून पाऊण मिनिट उलटलं होतं. मी आकडे तीन वेळा दाबले. चौथ्यांदा दाबायच्या आत आमच्या तालमीची पोरं कप घेऊन दुकानात आली, पेढे घेऊन, आणि मी कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये टाकला.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. मार खाल्ला असता, दुकानाच्या काचा फुटल्या असत्या, पण महिन्याभरात विषय संपला असता. मी आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो, आणि तोवर पिराजीचं नाव चाळण पडलं होतं.

कोल्हापुरात एकदा नाव पडलं की ते रेशनकार्डापेक्षा पक्कं. "ए चाळण!" म्हणून पोरं सायकलमागं ओरडायची. चौदा वर्षं अडवलेले बॉल कुणाला आठवेनात. त्यानं चिडून कुणाला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तो मान खाली घालून पायडल मारायचा. फुटबॉल त्यानं सोडला, तालमीत जाणंही सोडलं. गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा तो दिसेना. मी घड्याळ पुन्हा कधी लावलं नाही, मोडलं म्हणून सांगितलं. असल्या चिपांचं, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचं, कामच सोडून दिलं आणि मिक्सर दुरुस्त करत बसलो. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायला लागलो. आमचं घर लिंगायतांचं, दत्ताला आवर्जून जाणारं नव्हे. अव्वा सगळ्यांना कौतुकानं सांगायची की पोरगा देवाला लागला. मी तिथं घाटावर उभा राहायचो आणि देवालासुद्धा खरं सांगायचो नाही.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये, एका रविवारी दुपारी, पिराजी माझ्या दुकानात आला. कानावरचे केस पांढरे झाले होते. सोबत मुलगी होती, स्नेहल, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्स. तिच्या हातात डेव्हलपमेंट बोर्ड होता. माझ्यासारखाच, पाटी निळी एवढाच फरक.

"मालक, हिचं उद्या सबमिशन हाय," पिराजी म्हणाला. "बोर्ड बोलायला तयार न्हाय म्हणती. मी म्हटलं, पेठंत मशीनवालं एकच, चल." तो हे मनापासून बोलला, टोमणा नव्हता.

मी बोर्ड माझ्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसती रांगोळी उमटत होती. मी क्रिस्टल बघितला.

"हा बाराचा आहे," मी म्हणालो. "कॉम्प्युटरशी बोलायला अकराचा लागतो. ह्याच्यावर चिप जलद बोलते, कॉम्प्युटरला काही कळत नाही."

"पहिला मोडला, मग दुकानदारानं ह्यो दिला," स्नेहल म्हणाली. "काका, तुमच्याकडं अकराचा हाय का? आज समदी दुकानं बंद हाईत."

मी नाही म्हणणार होतो. पण तिची नजर वरच्या फळीवर गेली होती. तिथं जुने दोन बोर्ड धूळ खात पडले होते. एक माझा पहिला हिरवा, क्रिस्टलची दोन भोकं रिकामी असलेला. आणि दुसरा घड्याळाचा. तिनं स्टुलावर चढून तो खाली घेतला, ओढणीनं डबी पुसली आणि वाचलं. "ह्यो बघा की, अकराच हाय." मग बोर्ड उलटासुलटा करून बघितला. "ह्ये तर घड्याळ दिसतंय. काका, घड्याळाला अकराचा कसा काय? घड्याळाला बाराचा लावत्यात न्हवं?"

"तेव्हा तोच होता," मी म्हणालो.

पिराजी बाकावर बसून हसला. "त्येच मशीन व्हय? काढा की मालक त्येच्यातनं. मला बुडवलं, पोरीला तरी तारू दे."

मी डाग द्यायची, सोल्डरिंगची, इस्त्री तापत लावली. ती तापायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात माणूस स्वतःला पुरता ओळखतो. क्रिस्टल काढला की घड्याळाच्या बोर्डवर काहीच पुरावा राहत नव्हता. पिराजीच्या मुलीचं काम होत होतं. कुणाचं नुकसान नाही, उलट उपकारच. माझा हात एकदम हलका झाला. मी इस्त्री उचलली, टोक क्रिस्टलच्या एका पायाला लावलं, आणि कथील चमकायला लागलं.

तेव्हा पिराजी लेकीला सांगत होता, "ह्या मशीनवर अठरा मिन्टं चाळीस सेकंद झालतं बघ, तवा म्या बाळासोचा डाव्या हातानं अडवला." ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकलेली असणार, तरी ती "व्हय पप्पा" म्हणत होती. सगळी पेठ त्याला पायातनं गेलेल्या बॉलची आठवण करून देत होती, आणि हा माणूस घरी लेकीला खांबावरचा बॉल सांगत होता.

मी इस्त्री बाजूला ठेवली.

"पिराजीभाऊ, तो गोल नव्हता," मी म्हणालो. "वेळ संपली होती. घड्याळ मागं होतं. सकाळी क्रिस्टल मोडला म्हणून मी चुकीचा लावला. मला माहीत होतं."

स्नेहलनं माझ्याच टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढला, बाराला अकरा पूर्णांक शून्य पाच ब्याण्णवनं भागलं, विसानं गुणलं. पोरगी हुशार आहे. "एक मिनिट बेचाळीस सेकंद जास्त," ती म्हणाली.

"कवा कळलं तुला?" पिराजीनं विचारलं. तो मला पहिल्यांदाच अरेतुरे करत होता.

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला, "दुसऱ्या दिवशी." त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसला. तसंच बघत लेकीला विचारलं, "अठरा चाळीस म्हंजे खरं किती?"

तिनं आकडे दाबले. "वीस मिन्टं, पंधरा सेकंद."

"म्हंजे डाव्या हाताचाबी गेला."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नऊ वर्षं मी मला काय लपवायचंय तेवढंच मोजत होतो. सांगितलं की त्याचं काही हरवेल, हे मी एकदाही मोजलं नाही.

"मी तालमीत येऊन सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हणालो. "तुम्ही म्हणाल त्या दिवशी." आणि खरं सांगायचं तर तो "जाऊ दे आता" म्हणेल, असं मला वाटत होतं. तशी माणसं म्हणतात. मी त्याच्या तोंडाकडं आशेनं बघत होतो.

"आज रविवार हाय," पिराजी म्हणाला. "समदी असतील. चल."

औदुंबर तालमीत दिवेलागणीला कॅरम चालला होता. गणपतराव खुर्चीत होते, आता पार थकलेले. बाळासोच्या हातात स्ट्रायकर होता. त्याचं पोट सुटलं होतं, पण तेव्हाही तालमीत त्या गोलाची गोष्ट तो वर्षातनं दोनदा सांगायचा. पिराजी दारात आला तसा कुणीतरी सवयीनं म्हणालं, "या चाळण." मी भिंतीवरच्या कपाखाली उभा राहून सगळं सांगितलं. कळंब्याची किल्ली, खिशातला कॅल्क्युलेटर, रेडिओ, पेढे. काही वगळलं नाही.

बाळासो हसायला लागला. "वीरेश, त्येची दया आली म्हणून आमचा कप घालवतोस व्हय?"

गणपतरावांनी मान हलवली. "मशीन चुकत न्हाय बाबा. मशीन कुणाचा मेव्हणा न्हाय."

मी आणखी एकदा सांगितलं. त्यांना ते पटेना. नऊ वर्षांपूर्वी मी सांगितलं असतं तर त्यांनी मला मारलं असतं, म्हणजे खरं मानलं असतं. आता ते माझी समजूत काढायला लागले. एकानं चहा सांगितला.

स्नेहल मघापासून घड्याळाचा बोर्ड छातीशी धरून उभी होती. ती कॅरमजवळ गेली आणि म्हणाली, "आजोबा, लावून बघूया की. वीसच मिन्टं." तिनं सोंगट्या सारून बोर्ड मध्ये ठेवला आणि माझ्याकडनं वायरी घेतल्या. भिंतीवर तालमीचं मोठं घड्याळ होतं, रोज रेडिओशी लावलेलं. त्याचा सेकंदाचा काटा बारावर आला तशी तिनं बटण दाबलं. बोर्डवरच्याच छोट्या पाटीवर लाल आकडे पळायला लागले. हॉर्न काही जोडलेला नव्हता.

पहिली पाच मिनिटं लोक थट्टा करत होते. दहाव्या मिनिटाला थट्टा कमी झाली, कारण पाटीवर दहा झाले नव्हते. भिंतीवर पंधरा झाली तेव्हा पाटीवर तेरा एकोणपन्नास होते. गणपतरावांनी चष्मा मागवला. चहा आला तो कुणी घेतला नाही. पिराजी दाराजवळच्या कट्ट्यावर बसला होता, हात मांडीवर, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत. बोर्डकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

भिंतीवर वीस झाली. पाटीवर अठरा सव्वीस.

पिराजी उठला. "म्याच संपली," तो म्हणाला, मोठ्यानं नाही. चप्पल पायात सरकवली. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "हिचं उद्या सबमिशन हाय. ह्ये झालं की ते काढ आन हिच्या बोर्डाला बसव." आणि तो पायऱ्या उतरून गेला.

कुणी त्याला थांबवलं नाही आणि कुणी हाकही मारली नाही. कुठली हाक मारायची तेच कुणाला कळत नव्हतं. पाटीवर अठरा चाळीस झाले. स्नेहलनं ओठ दाबून धरले होते. एकोणीस दहा झाले तेव्हा बाळासोनं हातातला स्ट्रायकर हळूच खाली ठेवला.

"बंद कर की वीरेश," तो म्हणाला. "कळलं."

"नाही," मी म्हणालो. "वाजेपर्यंत बसायचं."

मग आम्ही सगळे बसलो. गणपतराव टोपी हातात घेऊन बसले. वीस झाले आणि बोर्डवरचा रिले टक् करून वाजला. पिराजी तोवर त्याच्या गल्लीत पोचला असेल.